डाव्या पारड्यातलं पाकीट

शनिवारी दुपारी दोन वाजता दुकानाचं शटर खाली आलं, तेव्हा समोरचा बेकरीवाला हाताचं पीठही न झटकता रस्ता ओलांडून आला.

"काय झालं? कुणी आजारी वगैरे?"

"आजारी कशाला असेल?" बाबांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं. "आमची मिली निबंध वाचणार आहे. टाउन हॉलमध्ये. माइकवर!"

"मिली? ती तर कालपरवापर्यंत या पायरीवर बसून रडायची."

"आता ऐकणाऱ्यांना रडवणार आहे," बाबा म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यांनी उगाचच नीट केली. बेकरीवाल्याने मागेपुढे न बघता मिलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या केसांना पीठ लावून ठेवलं.

चोपन्न वर्षांत वजनकाटे दुरुस्त करणारं हे दुकान शनिवारी दुपारी कधी बंद झालं नव्हतं. आई-बाबांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आजोबा सकाळी दोन काटे हातावेगळे करून मगच बोहल्याकडे आले होते, आणि ही गोष्ट आई अजूनही महिन्यातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवते. मिलीला मात्र आज दुकान बंद होण्याची गंमत वाटावी इतकी फुरसत नव्हती. तिचे ओठ हलत होते. आठवडाभर घोकलेला निबंध ती पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती.

मिली म्हणजे मिलिग्रॅम. जन्मली तेव्हा ती इतकीशी होती की आजोबांनी बघताक्षणी नाव ठेवून टाकलं. तिच्या आधी सात वर्षं जन्मलेला भाऊ गुबगुबीत होता, म्हणून तो किलो. आता किलो तेवीस वर्षांचा, शिडशिडीत आणि दारातून वाकून आत येणारा झाला, तरी नाव काही सुटलं नाही.

या किलोनेच घराची दांडी तिरकी केली होती. दोन महिन्यांपूर्वी त्याला समुद्रापलीकडून पत्र आलं. प्रयोगशाळांसाठी अतिसूक्ष्म काटे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी होती, आणि होय की नाही ते येत्या सोमवारच्या टपालाने कळवायचं होतं. तेव्हापासून घरात सरळ दोन तट पडले. आई म्हणे, जाऊ दे त्याला. बाबा काहीच म्हणत नसत, पण मुलाशी ते एकदम अदबीने बोलू लागले होते, "जरा तो पेचकस देतोस का?" वगैरे, आणि ते ऐकून किलोला कानकोंडं व्हायचं. आत्या अकरा वर्षं परदेशात राहून परत आली होती, त्यामुळे दोन्ही तट तिलाच साक्षीला बोलवायचे आणि ती दोघांकडेही चहा पिऊन यायची.

मिली बाबांच्या तटात होती. नुसती होती कसली, सेनापतीच होती. किलोने तिला सायकल शिकवली, गणित शिकवलं, आणि शिट्टी वाजवायलाही त्यानेच शिकवलं. तो जाणार हे तिला मुळीच मंजूर नव्हतं. अशात वाचनालयाने स्पर्धा जाहीर केली. वयोगट तेरा ते अठरा, विषय 'तरुणांनी देश सोडून जावं का?' एकच बाजू घ्यायची आणि ऐकणाऱ्याला पटवून द्यायचं. मिलीने उडीच मारली. परीक्षक तीन असोत की तीनशे, तिला पटवायचं होतं एकाच माणसाला.

*

टाउन हॉलच्या दारात ग्रंथपालबाई छातीवर कागदी फूल लावून उभ्या होत्या. आत खुर्च्या सरकवल्याचा खरखराट, माइकची कुरकुर, आणि पोरांना शेवटच्या सूचना देणारे आईबाप. बाबांनी तिसरी रांग गाठली आणि पाच खुर्च्यांवर पाच रुमाल टाकले. त्यांतला एक आजोबांच्या हातातून ओढूनच घेतला होता.

"घाई करू नकोस," आई म्हणाली. "एकेक शब्द नीट उच्चार. आणि खाली बघू नकोस."

"बघू दे की खाली," आत्या म्हणाली. "घाबरलेली पोरगी खरी वाटते."

"घाबरली नाहीये ती! 'ज्या मातीने आपल्याला चालायला शिकवलं, तिला पाठ दाखवण्याआधी...'" बाबांनी भर सभागृहात निबंध म्हणायला सुरुवात केली. आठवडाभर ऐकून त्यांचाही पाठ झाला होता. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

"बाबा, मी म्हणणार आहे. तुम्ही नाही."

"हो, हो. मी आपला उजळणी करून घेतो."

एवढ्यात किलोने तिला हाताला धरून खांबाआड नेलं. त्याचा चेहरा मोठा गमतीदार झाला होता, बातमी पोटात मावत नसलेल्या माणसासारखा.

"तुला बक्षीस आधीच मिळालंय," तो म्हणाला, आणि त्याने खिशातून एक लिफाफा अर्धा बाहेर काढून दाखवला. "नकार लिहिलाय. सोमवारी टाकणार पोस्टात."

मिलीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती इतक्या मोठ्याने किंचाळली की माइक तपासणारा माणूस दचकला.

"खरंच? माझ्यामुळे?"

"आठवडाभर रोज सकाळी न्हाणीघरातून तोच निबंध. काय करणार माणूस? पटलं मला. बाबांना वाचून झाल्यावर सांगू. आत्ता सांगितलं तर ते स्टेजवर चढतील."

मिलीने त्याला घट्ट मिठी मारली. तिला नाचावंसं वाटलं, आणि त्या खांबाआड ती दोन पावलं नाचलीसुद्धा. तिने जिंकलं होतं. आता माइकवर बोबडी वळली तरी बेहत्तर!

तेवढ्यात ग्रंथपालबाई छापील पुस्तिका वाटत आल्या. पहिल्या फेरीतून निवडलेले तीन निबंध, ताज्या शाईचा वास. मिलीने दुसरं पान उघडलं. तिथे तिचं नाव होतं, वय होतं, शाळा होती. खाली निबंध होता, तिचाच.

आणि पहिलं वाक्य वाचून ती पुस्तिका घेऊन तिसऱ्या रांगेकडे पळाली.

*

"मी हा पाठवलाच नव्हता!"

तिसऱ्या रांगेत चार डोकी एका पुस्तिकेवर वाकली. आजोबांनी भिंग काढलं.

"तूच लिहिलायस ना?" आत्याने विचारलं.

"लिहिलाय मीच. पण हा दुसरा आहे. जावं म्हणणारा!"

दुसरा निबंध असण्याचं कारण आजोबा. या घराचा एक कायदा होता. काटा खरा की खोटा हे एकदा वजन करून कळत नाही. डावीकडचा माल उजवीकडे ठेवायचा, उजवीकडचं वजन डावीकडे. काटा पुन्हा मध्यावर आला तरच दांडीचे दोन्ही हात सारखे. आजोबांनी हाच कायदा भांडणांनाही लावला होता. इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्तीला घ्यायचे की नाही यावरून त्यांचं आणि बाबांचं वाजलं, तेव्हासुद्धा "पारडी बदला" म्हणून त्यांनी बाबांना जुन्या काट्यांची वकिली करायला लावली होती, आणि स्वतः इलेक्ट्रॉनिकची इतकी छान बाजू मांडली की शेवटी तेच हरले. तेव्हा मिलीने जाऊ नये म्हणून निबंध लिहिला, की तिला जावं म्हणूनही लिहावा लागणारच होता. त्याशिवाय आजोबा पहिला वाचायलाच तयार नव्हते. दुसरा तिने एका संध्याकाळी पटकन लिहून टाकला. तो कुणी वाचणार नव्हतं, त्यामुळे त्यात तिने मनात आलं ते लिहिलं.

"मी दोन्ही पाकिटं मोठ्या काट्यावर ठेवली होती," मिली आठवून आठवून सांगू लागली. "गंमत म्हणून. कोणता जड आहे बघायला. 'जाऊ नये' डाव्या पारड्यात, 'जावं' उजव्या. सकाळी डाव्यातलं उचललं, चिकटवलं, पत्ता लावला, टाकलं."

"उघडून पाहिलं नाहीस?" आई म्हणाली.

"कशाला पाहू? डाव्यातलंच होतं ना!"

आजोबांनी भिंग हळूच खिशात ठेवलं आणि ते छताकडे बघू लागले. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आजोबा," किलो म्हणाला.

"हं."

"तुम्ही काट्याला हात लावला होतात?"

"पहाटे दुकानात गेलो," आजोबा खाकरले. "दोन्ही पारड्यांत काहीतरी होतं. काटा मध्यावर होता. म्हटलं, बघावं खराच मध्यावर आहे का."

"आणि पारडी बदलली!" सगळे एकदम ओरडले.

"बदलणारच. भरलेली पारडी दिसल्यावर न बदलता माणूस पुढे जाईल कसा?" आजोबांनी उलट सगळ्यांनाच विचारलं. "आणि काटा मध्यावरच आला, सांगतो. केसभरसुद्धा हलला नाही!"

आत्याला हसू आवरेना. तिने तोंडात रुमाल कोंबला. बाबांनी कपाळाला हात लावला आणि ते ग्रंथपालबाईंकडे धावले. दोन मिनिटांत तसेच परत आले.

"छापलंय तेच वाचायचं. नाहीतर नाव मागे घ्यायचं. पहिली मुलगी वाचायला उभी राहायच्या आत कळवा म्हणतात."

"मग मागे घेते," मिली स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली.

यात काहीच अवघड नव्हतं. नकाराचा लिफाफा दादाच्या खिशात होता. तिने नाव मागे घेतलं की सगळे घरी जाणार, सोमवारी लिफाफा पोस्टात पडणार, आणि दादा उद्याही त्याच बाकावर बसून कानस घासत शिट्टी वाजवणार. हा दुसरा निबंध दादाने अजून वाचलेला नव्हता. तिने पाहिलं, तर पुस्तिका त्याच्या हातात होती, पण मिटलेली.

"तू वाचलास?"

"नाही," किलो म्हणाला. "तू वाचशील तर ऐकेन."

आईने मात्र वाचला होता. गेले दोन महिने 'जाऊ दे त्याला' म्हणणारी आई पुस्तिका छातीशी धरून बसली होती.

"हा वाचू नकोस," आई म्हणाली.

"आई, तूच तर म्हणत होतीस, जाऊ दे!"

"म्हणत होते. म्हणणं सोपं होतं गं. हे तुझं वाचलं आणि तो खरंच गेलेला दिसला मला." आईने डोळे पुसले आणि रागाने आत्याकडे पाहिलं. "तू काय हसतेस?"

"हसत नाहीये आता," आत्या म्हणाली, आणि खरोखरच ती हसत नव्हती. "मी निघाले तेव्हा या घरात मला कुणी 'जा' म्हणालं नव्हतं. जाऊ दिलं, पण 'जा' असं कुणी म्हणालं नाही. अकरा वर्षं मी पळून आल्यासारखी राहिले तिकडे."

आजोबांनी मान खाली घातली. बाबा भिंतीला टेकून उभ्या-उभ्या निबंध वाचत होते. वाचून झाला, तरी त्यांची नजर पानावरच होती.

"बाबा, तुम्ही सांगा," मिली म्हणाली. "वाचू की नको?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आठवडाभर तिच्यासोबत निबंध घोकणारा हा माणूस आता एकेका शब्दासाठी अडखळत होता.

"मला नको विचारूस, बाळ. माझा अंगठा पारड्यावर आहे."

दुकानात याहून मोठं पाप नव्हतं. अंगठ्याने पारडं दाबणाऱ्या गिऱ्हाइकाचा काटा बाबा दुरुस्तीलाही घेत नसत. ते ऐकलं आणि मिलीच्या मनात एक गोष्ट उघड झाली, नको असताना. दादाचा नकार तिने एकाच बाजूने मिळवला होता. रोज सकाळी, न्हाणीघरातून, अंगठा दाबून.

घंटा वाजली. ग्रंथपालबाईंनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

"वाचते," मिली म्हणाली.

*

पहिल्या मुलीने 'जाऊ नये' यावर फार सुरेख वाचलं. टाळ्याही जोरात पडल्या. मग मिलीचं नाव पुकारलं गेलं. ती पायऱ्या चढली तेव्हा तिच्या केसांत अजून पीठ होतं. माइक तिच्या कपाळाइतका उंच होता. तो खाली करायला माणूस धावत आला, तेव्हा सभागृह हसलं, आणि त्या हसण्यानेच तिच्या जिवात जीव आला.

"आमच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त होतात," तिने वाचायला सुरुवात केली. "बाबांचा एक नियम आहे. दुरुस्त झालेला काटा फळीवर ठेवायचा नाही. तो ज्याच्या कामाचा आहे त्याच्याकडे त्याच दिवशी जायला हवा. वर्षानुवर्षं फळीवर राहतात ते काटे एक तर मोडके असतात, नाहीतर मालक त्यांना विसरलेला असतो. एखादा चांगला काटा आपल्याला आवडतो म्हणून ठेवून घेतला, तर त्याला आमच्याकडे दुरुस्ती म्हणत नाहीत."

तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी तिने पाहिलं. किलो पुढे वाकून बसला होता, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर.

"जो जाऊ शकत असूनही राहतो, तो राहिला," ती वाचत गेली. आवाज आता आपोआप चढत होता, आणि अंगावर काटा येत होता, भीतीने नव्हे. "पण ज्याला कुणी जाऊच दिलं नाही, तो राहिलेला नसतो, अडकलेला असतो. आणि अडकलेल्या माणसावर कुणी कितीही प्रेम केलं, तरी त्याला ते कुलपासारखं लागतं. मला एकाला अडकवायचं आहे. मला ते जमेलही. म्हणूनच मी हे लिहिते आहे."

हे वाक्य तिने त्या संध्याकाळी लिहिलं होतं हेसुद्धा ती विसरून गेली होती. मग ती उरलेलं पान वाचून खाली उतरणार, तोच मधल्या परीक्षकबाईंनी हात वर केला. नियमाप्रमाणे प्रत्येकाला एक प्रश्न होता.

"उद्या तुझ्याच घरातून कुणी निघालं, तर त्याला तू हाच निबंध वाचून दाखवशील?"

मिलीने पुस्तिका मिटली.

"आत्ताच दाखवला," ती म्हणाली. "तो तिसऱ्या रांगेत बसलाय."

सगळं सभागृह वळलं. किलो लालेलाल होऊन उभा राहिला, का उभा राहिला ते त्यालाही कळेना, आणि मग त्याने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की परीक्षकांनीही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाबा खुर्चीवर चढले होते. आई त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होती, एका हाताने, कारण दुसरा तिच्या डोळ्यांना होता.

पहिलं बक्षीस पहिल्या मुलीला गेलं, जाऊ नये म्हणणारीला. मिली दुसरी आली. आजोबा परत येताना रस्ताभर ग्रंथपालबाईंचे परीक्षक एका बाजूनेच तोलतात असं बजावत राहिले.

*

घरी न जाता सगळे आपोआप दुकानाशीच आले. बेकरीवाल्याने पलीकडून दोन्ही हात उंचावून 'काय झालं?' म्हणून विचारलं, आत्याने दोन बोटं दाखवली, आणि त्याने दुकानातली घंटा बडवून काढली. बाबांनी शटर वर केलं.

किलोने आत जाऊन खिशातला लिफाफा बाकावर ठेवला. "हा नकार होता," तो म्हणाला. बाबांनी लिफाफ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हे त्यांना माहीत नव्हतं. आपला मुलगा सकाळपासून घरी राहणारा होता आणि तो टाउन हॉलमध्ये हातचा गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर एकेक पायरी उतरत गेलं.

"मिली," किलोने विचारलं, "पहिला निबंध कुठे आहे? जाऊ नये म्हणणारा?"

"खणात. पाकिटातच."

"तो दे मला. सोबत नेतो. तिकडे पारडी बदलायला कुणी नसेल."

म्हणजे तो जाणार होता. शब्दात सांगितलं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. मिलीला हुंदका आला आणि त्याच वेळी ती हसलीही, कारण तिने त्याला पटवलं होतं, दोनदा, दोन्ही बाजूंनी. एवढं कुणाला जमतं? तिने खण उघडून पाकीट त्याच्या हातात दिलं.

बाबा मात्र गिऱ्हाइकांच्या काट्यांना बांधायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांपाशी गेले होते. एक चिठ्ठी घेऊन त्यांनी पेन्सिलने काहीतरी लिहिलं. मग किलोसमोर उभं राहून ते चिठ्ठीचा दोरा त्याच्या शर्टाच्या गुंडीला बांधू लागले. सोनाराच्या काट्यावरचा राईएवढा स्क्रू सहज फिरवणारे ते हात, पण त्यांना गाठ काही जमेना.

"द्या इकडे," मिली म्हणाली. तिने दोरा घेतला, आणि बांधता बांधता चिठ्ठी वाचली. छापील रकान्यांत बाबांचं ठसठशीत अक्षर होतं.

दोन्ही बाजूंनी तपासलं. तयार. घेऊन जावे. पुढची तपासणी, एक वर्षाने. इथेच.

मिलीने गाठ मारली, आणि सुटू नये म्हणून तिच्यावर आणखी एक मारली.